तारा खरखरतात म्हणून बेस बदलू नका

वाचकाचे पत्र : मी खानापूर तालुक्यात जांबोटीकडच्या एका गावात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. तीन वर्षांपासून गावच्या भजन व भावगीत मंडळात बेस गिटार वाजवतो. चार तारांचे जुने वाद्य बेळगावातील एका वादकाकडून घेतले होते. उन्हाळ्यात ते उत्तम वाजत होते, पण पाऊस लागल्यापासून खुल्या तारा आणि पहिले चार पडदे खरखरतात आणि बाराव्या पडद्याच्या पुढे सूर चढा लागतो. आमचे गायक काळी एक आणि काळी दोन या पट्ट्यांत गातात. काळी दोनचा खालचा षड्ज माझ्या वाद्यात नाही. कार्यक्रमात बेस नुसता घुमतो, स्वर कळत नाही. एक तास वाजवले की डावे मनगट दुखते. गणेशोत्सव तोंडावर आला आहे. तीस हजार रुपये साठवले आहेत. पाच तारांचा अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारा) बेस घेऊ का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. या हंगामात नवे वाद्य घेऊ नका. आपण लिहिलेल्या तक्रारींपैकी एकही तारांची संख्या कमी असल्यामुळे उद्भवलेली नाही. नवा बेस आणला तरी तो त्याच हवेत राहील, त्याच सभामंडपात वाजेल आणि पुढच्या आषाढात तोही खरखरू लागेल. आपल्या हातातल्या वाद्याची घडी नीट बसवणे हे आधीचे काम आहे, आणि ते आपण घरी करू शकता.

खरखर कुठून येते ते आधी पाहू. बेसच्या चार तारांचा मिळून ताण सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या आसपास असतो आणि तो सतत नेकला, म्हणजे वाद्याच्या दांड्याला, पुढे ओढत असतो. त्या ओढीला तोलून धरण्यासाठी नेकच्या पोटात पोलादी ट्रस रॉड बसवलेला असतो. तार हलते तेव्हा तिच्या मध्यभागाला जास्त जागा लागते, म्हणून नेक अगदी सरळ न ठेवता तिला किंचित अंतर्वक्र बाक ठेवतात. लाकूड ओल शोषते, फुगते आणि हा तोल बिघडतो. नेक कोणत्या बाजूला जाईल हे त्या त्या लाकडावर ठरते, म्हणून एकाचा पावसाळी अनुभव दुसऱ्याच्या वाद्याला लावू नये. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात राहिलेले वाद्य कार्यक्रमासाठी अथणीच्या कोरड्या हवेत नेले, तर दोन दिवसांत त्याचा बाक बदललेला दिसू शकतो. आपल्या वाद्यात खुल्या तारा आणि पहिले चार पडदे खरखरतात, म्हणजे बहुधा नेक फार सरळ झाली आहे किंवा उलट बाजूला झुकली आहे. फक्त खुल्या ताराच खरखरल्या असत्या आणि पडदे स्वच्छ असते, तर दोष नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचांचा मानला असता. एकाच पडद्यावर खरखर असती, तर तो पडदा वर उचलला गेला आहे असे समजलो असतो.

आपल्याकडे या खरखरीला एक वेगळे स्थान आहे आणि ते ध्यानात घेतले तर पुढचे काम समजायला सोपे जाते. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतात तेव्हा ते घोडीचा माथा असा घासतात की तार त्याला सतत हलकेच स्पर्श करत राहते आणि त्या स्पर्शातून स्वराला झळाळी येते. तेथे तार आणि घोडी यांच्यातली केसभर जागा हेच सारे कौशल्य असते. बेसमध्ये आपल्याला तोच स्पर्श टाळायचा असतो, पण मोजमाप तितकेच बारीक असते. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की वाद्य बदलल्यासारखे वाटते.

मोजण्याआधी एक निर्णय घ्यावा लागेल आणि त्यातच आपल्या काळी दोनच्या प्रश्नाचे उत्तर आहे. बेसच्या तारा जाडीकडून बारीककडे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच अशा लावलेल्या असतात. आपण चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवून लावा. मग त्या काळी दोन, काळी चार, काळी एक आणि काळी तीन अशा होतील. गायक काळी एकमध्ये असेल तेव्हा षड्ज खुल्या तारेवर मिळेल, त्याच्या खालच्या तारेवर मंद्र पंचम खुला मिळेल आणि वरच्या तारेवर मध्यम खुला मिळेल. काळी दोनमध्ये सर्वांत जाड तार हाच खालचा षड्ज होईल आणि तिच्या शेजारची तार मध्यम देईल. पाचवी तार विकत घेऊन आपण जो स्वर मिळवणार होता, तो खुंट्या थोड्या सैल केल्याने मिळतो, आणि खुल्या तारांची आस पट्टीशी जुळल्यामुळे भजनाला तानपुऱ्यासारखा आधार मिळतो. मात्र हाताच्या जुन्या सवयी एका पडद्याने चुकतील. त्यासाठी आठवडाभर केवळ सरगम वाजवण्याची तयारी ठेवा.

अर्धा स्वर उतरवल्यावर तारांचा ताण सुमारे अकरा टक्क्यांनी कमी होतो. ताण कमी झाला की नेक आणखी सरळ होते, म्हणजे आपली खरखर काही काळ वाढेल. याच कारणासाठी आधी पट्टी ठरवावी आणि मग सेटअप, म्हणजे बाक, उंची आणि सूर यांची जुळणी, करावा, असा माझा आग्रह आहे. पुष्कळ लोक उलटे करतात आणि एकच काम दोनदा करतात.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम नव्या तारा घ्या, कारण जुन्या, गंजलेल्या तारांवर सूर जुळवण्याचा खटाटोप व्यर्थ असतो. आपण शेवटचा संच कधी बदलला ते पत्रात लिहिलेले नाही, त्यावरून तो बदललाच नसावा असे मला वाटते. निकेलच्या राउंडवाउंड (गोल गुंडाळीच्या) तारांचा ४५ ते १०५ हा संच घ्या; हे आकडे तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत सांगतात. उतरवलेल्या पट्टीत तो फार ढिला वाटला तर ५० ते ११० घेता येतो, परंतु जाड तार नटच्या खाचेत नीट बसते का ते आधी पाहावे लागते. तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. खुंटीच्या पुढे सुमारे दहा सेंटीमीटर तार राखून, आधी काटकोनात वळवून मगच ती कापा, आणि दोन-तीन वेढे वरून खाली बसवा. न वळवता कापलेल्या तारेची गुंडाळी आतल्या आत सैल पडते आणि तार कायमची मुकी होते.

नव्या तारा पट्टीत लावून वाद्य एक रात्र तसेच ठेवा. दुसऱ्या दिवशी वाजवण्याच्या स्थितीत धरून जाड तार पहिल्या पडद्यावर एका हाताने आणि नेक जेथे धडाला मिळते त्या पडद्यावर दुसऱ्या हाताने दाबा. सातव्या-आठव्या पडद्याचा माथा आणि तारेची खालची बाजू यांत जे अंतर दिसेल ते ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावे. ते मोजायला फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पत्त्यांचा संच) लागतो, आणि या बाबतीत बेळगावकरांसारखे सुदैवी कोणी नाही, कारण उद्यमबागेत यंत्रकाम करणाऱ्या कोणाही ओळखीच्या माणसाकडे तो मिळेल. न मिळाल्यास जाड व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहा. कार्ड तार न उचलता जेमतेम सरकले तर बाक ठीक आहे. तार पडद्याला टेकलेलीच असेल तर ट्रस रॉड सैल करायला हवा.

ट्रस रॉड घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की आवळतो आणि बाक कमी होतो, उलट दिशेने फिरवला की सैल होतो आणि बाक वाढतो. रॉडच्या टोकाला जो फिरवायचा नट असतो, त्याच्या तोंडाकडून पाहून ही दिशा ठरवायची. आपल्याला सैल करायचा आहे. बरोबर मापाची अ‍ॅलन की घ्या, ती पूर्ण आत बसल्याची खात्री करा आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा अधिक फिरवू नका. त्यानंतर तारा पुन्हा सुरात आणा, काही तास थांबा आणि मग मोजा. मी स्वतः उमेदीच्या काळात घाईने एकदम पूर्ण फेरा आवळला होता. त्या वेळी कडकन आवाज आला आणि नटाची आतली खाच कायमची गोल झाली. आजही ट्रस रॉडला हात लावताना तो आवाज मला ऐकू येतो, म्हणून हे इतक्या कळकळीने सांगतो आहे. जोर लावावा लागत असेल, किंवा नट फिरतो पण काहीच बदलत नाही असे दिसले, तर तेथेच थांबा.

बाक जमल्यावर तारांची उंची पाहा. बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली सुमारे अडीच आणि बारीक तारेखाली सुमारे दोन मिलिमीटर जागा असावी. ती ब्रिजवरच्या (घोडीवरच्या) सॅडलचे, म्हणजे प्रत्येक तार जिच्यावर टेकते त्या बैठकीचे, छोटे स्क्रू फिरवून कमीजास्त करतात. भजनात जोराने वाजवावे लागत असल्यास मी उंची थोडी जास्त ठेवण्याच्या मताचा आहे, कारण फार खाली ठेवलेली तार रंग चढलेल्या गजरात हमखास खरखरते.

चढ्या सुराचा उपाय सर्वांत शेवटी करायचा असतो. बाराव्या पडद्यावर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि त्याच पडद्यावर दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल नेकपासून दूर सरकवा, म्हणजे तारेची लांबी वाढेल. उतरा असेल तर जवळ आणा. मोबाइलवरचे ट्यूनर अ‍ॅप जाड तारेला कधी कधी गोंधळते, म्हणून केबल लावून चालणारा ट्यूनर असल्यास उत्तम. नव्या तारा आणि योग्य उंची एवढ्यानेच आपली तक्रार अर्धीअधिक नाहीशी होईल असा माझा अंदाज आहे.

आता कार्यक्रमातल्या घुमण्याविषयी. आपण मिक्सरवरचा लो (खालच्या स्वरांचा जोर) वाढवत असाल, तर तो आजच खाली आणा. नेहमीच्या लावणीतील जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा असतो आणि आपल्या नव्या लावणीत तो ३९ हर्ट्झच्या जवळ जाईल. गावोगावच्या साउंडवाल्यांकडे असलेल्या स्पीकरांतून इतका खालचा स्वर बहुधा पुरेसा निघतच नाही, आणि तरीही आपल्याला तो ऐकू येतो, कारण कान त्याच्या दुपटी-तिपटीच्या कंपनांवरून मूळ स्वर ओळखतो. लो वाढवला की स्पीकर दमतो आणि काँक्रीटच्या सभामंडपात नुसता गोंगाट उठतो. त्याऐवजी २०० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यातला मिड (मधल्या स्वरांचा जोर) थोडा वर करा, म्हणजे स्वराचा चेहरा स्पष्ट होईल. पाच तारांच्या बेसची सर्वांत खालची तार ३१ हर्ट्झची असते. जेथे ३९ हर्ट्झच नीट निघत नाही तेथे त्या तारेचे पैसे वाया जातील.

साठवलेल्या रकमेचा लहानसा भाग एका चांगल्या डीआय बॉक्सवर खर्च करा. त्यामुळे वाद्य थेट मिक्सरला जोडता येते आणि लांब केबलमधला घरघराट पुष्कळ कमी होतो. सरावासाठी हेडफोनवर चालणारा छोटा अ‍ॅम्प पुरे. साध्या गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये बेस मोठ्याने वाजवू नका, त्याचा स्पीकर फाटतो. कीबोर्डचा अ‍ॅम्प चालतो. अ‍ॅक्टिव्ह बेसविषयी इतकेच सांगतो की त्यात ९ व्होल्टची बॅटरी असते, केबल खोचलेली राहिली तर ती उतरत राहते, आणि आरतीच्या ऐन वेळी आवाज फाटू लागतो. आपल्या पॅसिव्ह वाद्यात ही काळजी नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. पावसाळी मंडपात अर्थिंगची खात्री केल्याशिवाय वाद्य गळ्यात घालू नका. बेसच्या तारा केबलमार्फत अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पला एका ठिकाणाहून आणि मिक्सरला दुसऱ्या ठिकाणाहून वीज घेतली असेल, किंवा कोणी प्लगची अर्थपिन मोडून टाकली असेल, तर हात तारांवर असताना ओठ माइकला लागताच अंगातून विजेचा प्रवाह जाऊ शकतो. पंधरा वर्षांपूर्वी एका मंडपात मला असा झटका बसला आणि मी दोन पावले मागे फेकला गेलो. पायात ओली चप्पल असती तर काय झाले असते हे मला सांगवत नाही. साउंडवाल्याला आग्रहाने सांगा की अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. खिशात टेस्टर ठेवा आणि तोंड जवळ नेण्याआधी तो माइकच्या जाळीला लावून पाहा. दिवा पेटला तर यजमान कितीही घाई करोत, वाजवू नका.

मनगटाचे दुखणे बहुधा हाताच्या ठेवणीतून येते. अमेरिकी वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा तारेची वाजती लांबी ३४ इंच ठेवली आणि आजही बहुतेक बेस त्याच मापाचे असतात. या मापात पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर सुमारे १३ सेंटीमीटर भरते. साध्या गिटारसारखे प्रत्येक पडद्याला एक बोट द्यायला गेले की मनगट वाकते आणि शिरा ताणल्या जातात. खालच्या पडद्यांवर पहिले, दुसरे आणि चौथे बोट वापरून तीनच पडदे झाकावेत आणि गरज पडेल तेव्हा अख्खा हात सरकवावा, ही उभ्या कॉन्ट्राबासच्या वादकांची जुनी रीत आहे. बोट पडद्याच्या अगदी मागे ठेवा, म्हणजे कमी दाबात स्वच्छ स्वर निघतो. खांद्याचा पट्टा रुंद घ्या आणि उभे असताना वाद्य त्याच उंचीवर राहील इतका तो आखूड करा, जितक्या उंचीवर ते बसल्यावर मांडीवर असते.

आता वाजवण्याविषयी, आणि माझ्या मते आपला बेस कळत नाही याचे निम्मे कारण येथे आहे. भजनात खालचा आवाज आपल्या आधीपासून पखवाजाच्या धुम्म्याचा किंवा तबल्याच्या बायाचा (डग्ग्याचा) असतो. बेस सतत लांब स्वर धरून राहिला की तो बायाची घुमक गिळून टाकतो आणि दोघेही ऐकू येत नाहीत. केरव्याचे बोल घ्या : धा गे ना ती, ना के धी ना. यात बाया पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला बोलतो. आपण पहिल्या मात्रेला षड्ज घ्या आणि तिसरी मात्रा यायच्या आत तो हाताने थांबवा. मधली जागा रिकामी ठेवा, आणि सातव्या मात्रेला एक आखूड स्वर द्या. स्वर थांबवण्यासाठी डाव्या हाताचे बोट तारेवरून न उचलता फक्त सैल सोडायचे असते आणि न वाजणाऱ्या तारा उजव्या हाताच्या अंगठ्याने झाकायच्या असतात. दहा दिवस फक्त एवढेच करून पाहा. स्वर कुठे सुरू होतो याकडे सर्वांचे लक्ष असते, पण बेसवाल्याने तो कुठे संपतो याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

दुसरी सवय षड्ज-पंचमाची. पाश्चात्त्य गाण्यांवरून शिकलेले आपले बहुतेक बेसवादक न विचारता षड्जानंतर पंचम वाजवतात. गायकाने मालकंसातला अभंग धरला तर त्या रागात पंचमच नाही, आणि इतक्या खालून दिलेला वर्ज्य स्वर सगळ्या रंगाचा बेरंग करतो. तेथे षड्जाला मध्यमाची साथ द्या, आणि काळी एकमध्ये तो मध्यम आपल्या सर्वांत बारीक तारेवर खुला आहेच. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य आहेत, तेव्हा एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधल्या पायऱ्या भरण्याचा मोह टाळा. कार्यक्रमाआधी पेटीवाल्याशेजारी बसून प्रत्येक अभंगाचे वर्ज्य स्वर लिहून घ्या. आपण शिक्षक आहात, तेव्हा वही ठेवणे आपल्याला जड जाणार नाही.

चार तारांत भागेल का, ही शंका उरत असेल तर जेम्स जेमरसन या वादकाचा विचार करा. १९६० च्या दशकात डेट्रॉइटमधील मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत त्यांनी चार तारांचा बेस बहुतांशी उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवला, तोही वर्षानुवर्षे न बदललेल्या सपाट गुंडाळीच्या तारांवर. त्या फ्लॅटवाउंड तारांचा गोल, कमी चमकीचा आवाज भजनाला शोभतो आणि त्या दमट हवेतही टिकतात. सेटअप स्थिर झाल्यावर पुढच्या वर्षी एक संच अवश्य लावून पाहा. त्यांचा ताण वेगळा असल्याने बाक पुन्हा मोजावा लागेल.

दिवाळीपर्यंत रोज वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती कापडाने खालून-वरून पुसा. वाद्य पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा त्या बदला. थंडी पडल्यावर हवा कोरडी होईल तेव्हा कार्ड सरकवून बाक पुन्हा पाहा. आज जो रॉड सैल करायचा तो तेव्हा कदाचित पुन्हा थोडा आवळावा लागेल.

हे सारे करूनही फक्त खुल्या तारा खरखरत राहिल्या, तर तारांखालचा नट बदलावा लागेल. हाड घासून खाच बसवण्याचे काम तंतुवाद्यांच्या जाणत्या कारागिराचा हात सहज करतो, आणि मिरजेला आपल्याकडून रेल्वेने जाता येते. मात्र सतारीत ट्रस रॉड नसतो, त्यामुळे रॉडचा नट फिरत नसेल तर वाद्य गिटारदुरुस्ती करणाऱ्याकडेच न्या. नेण्याआधी सातव्या पडद्यावरचे अंतर आणि बाराव्या पडद्यावरची दोन्ही मापे कागदावर लिहून वाद्यासोबत द्या.